पाणी चढत नाही

आमच्याकडे सकाळी पाच चाळीसला पाणी येतं. येतं म्हणजे यावं असं ठरलेलं आहे. कधी ते सहाला येतं, कधी साडेसहाला, आणि कधी नळातून फक्त एक लांबलचक उसासा येतो. मागून पाणी येईल या आशेने आपण बादली धरून उभे राहतो, आणि नळ घसा खाकरून गप्प बसतो.

अशाच एका सकाळी मी या ‘येतं’चा विचार करत बसलो. पाणी आलं नव्हतं, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. मराठीत पाणी येतं, जातं, सुटतं. ‘आज पाणी लवकर गेलं हो’ हे आपण ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात ‘जावई चहासुद्धा न घेता गेले’ असंही म्हणतो. जणू पाणी आपल्या पायांनी चालत दाराशी येतं आणि मनात आलं की उठून जातं. त्याला कुणी आणलं, कुणी ढकललं, याचा त्या क्रियापदात पत्ताच नसतो. खरं क्रियापद निघतं ते तक्रार करताना. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून ओरडतात, “आमच्याकडे पाणी चढत नाही!” तेव्हा कुठे लक्षात येतं, की पाण्याला चढावं लागतं. आणि चढणं हा काही त्याचा स्वभाव नाही.

मी कल्याणच्या पुढे, कर्जतच्या बाजूला राहतो. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण पुढे आमच्या पाणीखात्याविषयी दोन-चार शब्द येणार आहेत आणि मला तिथेच राहायचं आहे.

गेल्या मे महिन्यात सलग दोन दिवस पाणी आलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पहाटेपासून ‘पाणी आलं का?’ सुरू झालं. उत्तरादाखल कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी रिकाम्या पिंपाचा फोटो टाकला, आणि तळमजल्यावरच्यांनी काहीच टाकलं नाही. तळमजला गप्प असला की बाकीच्या इमारतीला संशय येतो. थेट नळाला टिल्लू पंप जोडून लाइनीतलं पाणी खेचणाऱ्यांची एक अबोल जमात प्रत्येक वस्तीत असते. त्यांच्यामुळे शेजाऱ्यांचं पाणी जातं हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या लाइनीला असं शोषलं, की जिथे जिथे जोड गळका असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे चोरी करून शेवटी तेही गटारच पितात. हे मी ग्रुपवर लिहिलं. तळमजल्यावरून अंगठा आला.

त्याच सुमारास माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, सासर आंदर मावळातलं. पायांनी साथ दिली तोवर वारी चुकवली नाही, आता गुडघे म्हणतील तेवढंच चालते. दुसऱ्या दिवशीही नळ कोरडा बघून ती म्हणाली, “अरे, ग्रुपवर काय विचारतोस? जिथून येतं तिथे जाऊन विचार की.” ही अशी पद्धत आमच्या पिढीच्या कधी लक्षातच आली नव्हती. मी स्कूटर काढली आणि नदीवर गेलो.

उल्हास नदीच्या काठाने अशी किती तरी पंपघरं आहेत. अंबरनाथ-बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाण्याचा काही भाग, एमआयडीसीचे कारखाने, या सगळ्यांची तहान याच खोऱ्यावर भागते. लोकलच्या खिडकीतून कधी नदीत पाय रोवून उभी असलेली गोल, करड्या रंगाची एक इमारत दिसते. काठापासून तिच्यापर्यंत अरुंद पूल असतो. माझ्या मुलाला लहानपणी तो एखाद्या राजाचा बुरूज वाटायचा. ती जॅकवेल. खाली विहीर, वर मोटारींची रांग.

तिथे जो पंपचालक भेटला, त्याला मी आल्या आल्या विचारलं, “दादा, पाणी का येत नाही?” हा प्रश्न दिवसातून किती वेळा येतो हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरी त्याने मला स्टूल दिलं. आवाज इतका, की बोलणं कमी आणि हातवारे जास्त. खालून पायांत शिरणारी, दातांपर्यंत पोचणारी ती घुंईऽऽ. सहा पंप, त्यांतले चार चालू, एक राखीव, आणि एक दुरुस्तीला. “हा कधीपासून दुरुस्तीला आहे?” मी विचारलं. “मी लागलो तेव्हापासून,” तो म्हणाला.

माझी एक भाबडी समजूत होती, की पंप पाणी ओढतो. काठावर बसायचं, पाइप नदीत सोडायचा आणि खेचायचं, उसाचा रस स्ट्रॉने प्यावा तसं. त्याने ती समजूत तिथल्या तिथे काढली. पाणी ओढता येत नाही, ते ढकलावंच लागतं. आपण ओढतो म्हणजे फक्त पाइपातली हवा काढून घेतो. पाण्याला वर चढवतं ते बाहेरच्या हवेचं वजन. त्या वजनाची ताकद फार तर १०.३ मीटरची, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप कुरकुरायला लागतो. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांनाही हेच कोडं पडलं होतं. गॅलिलिओपर्यंत ते गेलं, आणि १६४३च्या सुमारास त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पाऱ्याची नळी उलटी धरून हवेलाही वजन असतं हे दाखवलं. आमच्या पंपचालकाला तोरिचेल्ली माहीत नव्हता, पण त्याचा निष्कर्ष पाठ होता. म्हणून इथे मोटर वर आणि तिचा लांब दांडा खाली, पाण्यात बुडालेल्या पंख्यांपर्यंत. पंप स्वतः पाण्यात उतरून खालून खांदा देतो. वर बसून नुसतं ‘या, या’ म्हटलं तर पाणी दहा मीटरच्या वर येत नाही. साहेब लोकही फायलींच्या बाबतीत तोच प्रयोग करून बघत असतात, पण ते असो.

पाणी न येण्याचं कारण मात्र शास्त्रीय नव्हतं. जलपर्णी. उन्हाळ्यात उल्हासचा प्रवाह मंदावतो, त्यात वरच्या वस्त्यांचं सांडपाणी मिसळतं आणि नदीवर हिरवा गालिचा पसरतो. जांभळी फुलंही येतात, लोक पुलावरून फोटो काढतात. तो गालिचा वाहत येऊन जॅकवेलच्या जाळीवर बसतो, पाणी आत शिरत नाही, पंप हवा धरतो. मग माणसं नदीत उतरून हातांनी पर्णी ओढतात. ते काम चालू होतं. ते निस्तरेपर्यंत लाइट गेली.

हा दुसरा भाग मला खरा नवा होता. लाइट दोन मिनिटं जाते, आपल्या घरात पंखा थांबतो आणि पुन्हा फिरतो, आपण विसरून जातो. पंपघरात ती दोन मिनिटं म्हणजे घरातलं कुणी अचानक कोसळावं तशी. पाणी नदीपासून टेकडीच्या दिशेने धावत असतं, कित्येक किलोमीटर लांब, काही शे टन वजनाची एक आगगाडीच म्हणा ना, आणि मागून ढकलणारा हातच एकाएकी नाहीसा होतो. ही आगगाडी क्षणभर पुढे जाते, थांबते, आणि उतारावरून मागे फिरते. तिला अडवायला झडप असते. तिच्यावर पाणी आदळलं, की हातोडा बसल्यासारखा दणका बसतो, आणि त्यालाच वॉटर हॅमर म्हणतात. कुठे जोड कच्चा असेल तर तिथेच फुटतो. मग आपण रस्त्यात उडणारं कारंजं बघतो आणि म्हणतो, इकडे प्यायला नाही आणि तिकडे बघा!

लाइट आली तरी सगळे पंप एकदम सुरू करता येत नाहीत. एक लावायचा, त्याची झडप हळूहळू उघडायची, दाब बघायचा, मग दुसरा. मग लाइन भरणार, मग शुद्धीकरण केंद्र, मग तिथले पंप, मग टेकडीवरची टाकी. “दोन मिनिटं लाइट गेली ना साहेब, की तुमच्याकडे दोन तास गेले,” तो म्हणाला. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. टपालखात्यातला माणूस मुंबईहून सोलापूरला पत्र किती दिवसांत जातं हे सांगायचा, तसं सांगत होता.

टेकडीवरच्या टाकीविषयीही माझा गैरसमज होता. मला वाटायचं, ती पाणी साठवायला असते. साठवते, पण तिचं खरं काम सलोखा राखण्याचं. पंपाला दिवसरात्र एका लयीत चालायला आवडतं. त्याला सकाळ कळत नाही. आणि गावाला तर सकाळच कळते. सगळ्यांना पाच ते आठमध्येच अंघोळ हवी, धुणं तेव्हाच, भांडी तेव्हाच. टाकी रात्रभर पंपाचं ऐकून घेते आणि सकाळी गावाचं. एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेची जागा आहे ती. शिवाय तिची उंची हाच आपला दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब येतो. टाकी निम्मीच भरली, की गावभर ‘पाणी कमी दाबाने’ येतं, आणि कमी दाबाचं पाणी आधी टाकीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे हंडे भरून मग उरलं तर टोकाला जातं. ‘कमी दाबाने व अनियमित’ हा शब्दप्रयोग मी वर्षानुवर्षं सूचनाफलकांवर वाचत आलो होतो. त्यामागे एवढं पदार्थविज्ञान असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं ती एक शैली आहे.

टाकीतून उतरलेलं पाणी आमच्या इमारतीच्या पायाशी, जमिनीखालच्या टाकीत येऊन पडतं. तिथून सोसायटीची मोटर त्याला पुन्हा गच्चीवर चढवते, आणि गच्चीवरून ते उतरून माझ्या नळात. म्हणजे नदीतून केंद्रावर चढलं, केंद्रातून टेकडीवर चढलं, टेकडीवरून उतरलं, गच्चीवर चढलं, पुन्हा उतरलं. इतकी चढ-उतार करून आलेल्या पाण्याने आपण पहिलं काय करतो, तर गाडी धुतो.

मी घरी येऊन हे सगळं आत्याला सांगितलं. तिला पंपांत रस नव्हता. तिने एकच विचारलं, “पण उन्हाळ्यात नदीला पाणी येतं कुठून? उल्हास काय बारमाही आहे?”

प्रश्न बिनतोड होता. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात तिला स्वतःचं म्हणून थोडंच उरतं. तेव्हा ती वाहते ती दोन धरणांच्या जिवावर. एक बारवीचं. आणि दुसरं घाटावरचं, ठोकळवाडीचं. टाटांनी घाटमाथ्यावर आंद्रा नदीवर हे धरण बांधलं आणि १९२२मध्ये खाली भिवपुरीला वीजघर सुरू केलं. तलावाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि मग उल्हास नदीत सोडलं जातं. तेच वाहत वाहत आमच्या जॅकवेलपर्यंत येतं.

“आंद्रा?” आत्या ताठ बसली. “आमची आंद्रा? आंदर मावळातली?”

मी म्हटलं, हो, तीच.

“अरे, ती इंद्रायणीला मिळते!”

मिळते. घाटावरच्या नद्या पूर्वेला जातात. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. त्या तलावातलं पाणी आपल्या मनाने गेलं असतं तर वारीच्या वाटेने गेलं असतं. शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरांनी त्याला सह्याद्रीच्या धारेवरून उलटं, पश्चिमेला वळवलं, आणि ते आता भिवपुरी, नेरळ, वांगणी, बदलापूर असं लोकलच्या रुळांच्या सोबतीने येतं.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे चंद्रभागेला जाणारं पाणी तू फरशी पुसायला वापरतोस.”

मी तिला हिशेब सांगून बाजू सावरायचा प्रयत्न केला. एका लग्नपत्रिकेच्या मागे मांडला होता. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडलं, की नुकसान वगळून साधारण एक युनिट वीज मिळते. तेच हजार लिटर नदीतून टेकडीवर, समजा सत्तर-ऐंशी मीटर, चढवायला एक तृतीयांश युनिट लागते. म्हणजे आपण फायद्यातच आहोत. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. आमच्या चौघांचे झाले ५४०, म्हणजे पंधरा लिटरच्या छत्तीस बादल्या. एवढं पाणी गच्चीवर चढवायला सोसायटीच्या मोटारीला युनिटचा विसावा भागही धड लागत नाही. त्या छत्तीस बादल्या मी उचलून चौथ्या मजल्यावर नेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी मला उचलावं लागलं असतं. अर्थात, मी पुस्ती जोडली, टाटांची ती वीज मुंबईकडे जाते, आमच्या पंपाला महावितरणची लागते, तेव्हा हिशेब अगदीच सरळ नाही.

“मग सरळ काय ते मी सांगते, ऐक,” आत्या म्हणाली. “आमच्या दारावरचं पाणी तुम्ही आधी डोंगरावरून खाली लोटलंत. आणि आता ते वर चढत नाही म्हणून रडताय.”

यावर पत्रिकेच्या मागे काही मांडता येत नव्हतं. मी शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, “आत्या, पंढरपूरला नाही, पण निदान विठ्ठलवाडीपर्यंत जातं की ते नळाने.” विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणच्या अलीकडचं स्टेशन. ती हसली नाही, पण राग थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं, तेव्हा पहिला तांब्या तिने भरून घेतला, तुळशीत अर्धा ओतला आणि उरलेला देव्हाऱ्यात ठेवला. त्यात बारवीचं किती आणि आंद्रेचं किती, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

पंपघराची आणखी एक बाजू मी तिला सांगितली नव्हती, कारण ती तिला आधीच ठाऊक होती. २०१९च्या जुलैत उल्हासला पूर आला आणि २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. तेव्हा आत्या आमच्याकडेच होती. खिडकीतून बघावं तिकडे पाणी, पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांपर्यंत, आणि नळाला थेंब नाही. कारण पूर येतो तेव्हा पहिलं बुडतं ते नदीकाठचं पंपघर. मोटारीत पाणी गेलं की ती उघडायची, वाळवायची, तापवायची, मग जोडायची. नदी घरात शिरली होती आणि आम्ही टँकरसाठी रांगेत उभे होतो. आत्याने त्या वेळी गच्चीच्या पन्हाळीखाली पातेली लावली होती. सोसायटीत त्या तीन दिवसांत सगळ्यांत श्रीमंत घर आमचं होतं.

एकादशीला तिने सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ घालून. स्टीलच्या डब्यात भरली, वर लिंबाची फोड ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. “नदीवर त्या मुलाला देऊन ये.”

“आत्या, त्याचा उपास असेल का, ते तरी कुठे माहीत आहे?”

“खिचडी खायला उपास लागत नाही.”

मी गेलो. सहापैकी चारच चालू होते. दुरुस्तीचा पंप दुरुस्तीलाच होता, त्याच्यावर कुणीतरी हिरवा टॉवेल वाळत घातला होता. जाळीवरची जलपर्णी काढून काठावर ढीग करून ठेवली होती आणि एक बगळा त्या ढिगात काहीतरी शोधत होता. पंपचालक नोंदवहीत तासाचे आकडे भरत होता. अँपिअर, व्होल्ट, दाब, नदीची पातळी. गेल्या तासाच्या खाली तेच आकडे पुन्हा. त्याने डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, “घरचा आहे वाटतं.” मी आत्याचं सांगितलं, आंद्रेचंही सांगितलं. त्याने खिडकीतून खाली नदीकडे एकदा बघितलं, पण काही बोलला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्या घुंईतही पलीकडून येणारा बायकी आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाहीत, पण सूर ओळखीचा होता. तो त्याच गावात राहतो, पार शेवटच्या वस्तीत, जिथे लाइन संपते. हे त्याने मला मागच्या वेळी सांगितलं होतं.

तो तोंडाला हात लावून फोनमध्ये ओरडला, “सोडलंय गं! पोचेल!” मग फोन खिशात टाकला आणि चमचा शोधू लागला.